थ्रीडीयूएफ आणि नागपुरातलं लेझर कटिंग: बायोचिपच्या आराखड्यातली गोम

बायोचिप म्हणजे बारीक वाटांतून (चॅनेल) रक्तासारखे द्रव नेऊन तपासणी करणारा छोटा तुकडा, आणि थ्रीडीयूएफ हे तिचा आराखडा काढायचं साधन. दोन इनलेट, एक आउटलेट आणि मध्ये एक नागमोडी चॅनेल, एवढीच चिप हवी असेल तर थ्रीडीयूएफच्या वाटेला जाऊ नका. इंकस्केप या फुकटच्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांचं काम आहे ते. पण चिपवर चार-सहा व्हॉल्व्ह असतील, थर दोन असतील आणि आराखडा दर आठवड्याला बदलणार असेल, तर हे फुकटचं साधन विकतच्या कॅड पॅकेजपेक्षा जास्त उपयोगी पडतं. पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड गुण कुठे गेला ते सविस्तर सांगतो, कारण हे साधन वापरणाऱ्याचा वेळ नेमका तिथेच जातो.

आधी वस्तू काय आहे ते. थ्रीडीयूएफ हे बॉस्टन विद्यापीठातल्या डग्लस डेन्समोर यांच्या गटाचं मुक्त स्रोत साधन. त्यावरचा शोधनिबंध २०१९ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. ब्राउझरमध्ये उघडतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, परवान्याची भानगड नाही. इथे रेघा ओढायच्या नसतात, भाग ठेवायचे असतात: पोर्ट, चॅनेल, मिक्सर, चेंबर, व्हॉल्व्ह, थेंब पाडणारा नॉझल. प्रत्येक भाग म्हणजे काही आकडे. मिक्सर घेतला तर चॅनेलची रुंदी, वळणं किती, वळणाची लांबी, दोन वळणांमधलं अंतर आणि खोली, सगळं मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). आकडा बदलला की भाग त्या मापाचा होतो. ४०० मायक्रॉनचा मिक्सर ५०० चा करायला ऑटोकॅडमध्ये अर्धा तास ऑफसेट आणि ट्रिम करत बसावं लागतं, इथे एक आकडा टाकायचा. द्रव वाहतो तो थर वेगळा आणि व्हॉल्व्ह चालवणारा नियंत्रणाचा थर वेगळा, दोन्ही एकमेकांवर दिसतात. फाइल जेसनमध्ये जपली जाते आणि कापायला एसव्हीजी (रेखाचित्राची फाइल) मिळते. जेसन हा साधा मजकूर असल्याने दोन आवृत्त्यांत नेमका कुठला आकडा बदलला ते शोधता येतं. हा गुण फार कुणी सांगत नाही, पण तीन विद्यार्थी एकाच चिपवर काम करत असले की त्याचीच किंमत कळते. काम करताना जेसन वरचेवर उतरवून ठेवा, ब्राउझरच्या टॅबवर विसंबू नका.

आता गोम. या साधनाला द्रव कळत नाही आणि तुमची चिप कोणत्या मशीनवर कापली जाणार तेही कळत नाही. बॉस्टनच्या गटाने टेबलावर मावणारी सीएनसी मिलिंग मशीन (संगणकाच्या हुकमाने कोरणारी) आणि पॉलिकार्बोनेट डोळ्यांसमोर ठेवून बरंच काम केलं. नागपुरात सहज हाती लागतं ते पाट्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्या दुकानातलं सीओटू लेझर आणि ॲक्रेलिकची शीट. दोन्हींच्या सवयी वेगळ्या.

थ्रीडीयूएफची एसव्हीजी चॅनेल म्हणजे मधली एक रेघ देत नाही, भरलेला आकार देते. लेझरवाला फाइल कोरल ड्रॉमध्ये उघडतो आणि सवयीने आउटलाइनला कटिंग लावतो. मशीन चॅनेलच्या दोन्ही कडा आरपार कापते आणि चॅनेलची पट्टी खाली गळून पडते. म्हणून दोन रंग करून द्या: बाहेरची चौकट आणि पोर्टची भोकं लाल, म्हणजे कटिंग. चॅनेल आणि चेंबर काळे भरलेले, म्हणजे एनग्रेव्हिंग. शिवाय तोंडी सांगा, कागदावर लिहून द्या, आणि पहिला तुकडा निघेपर्यंत मशीनपासून हलू नका.

यापेक्षा लबाड चूक चॅनेल आणि चेंबर जिथे मिळतात तिथे होते. आराखड्यात चॅनेलचं टोक चेंबरच्या आत थोडं घुसलेलं असतं, म्हणजे दोन भरलेले आकार एकमेकांवर चढलेले असतात. पडद्यावर सगळं एकसंध काळं दिसतं. लेझरची बरीच सॉफ्टवेअर मात्र एकाच लेयरमधले आकार सम-विषम नियमाने भरतात: एका आकाराच्या आत असलेली जागा कोरायची, दोन आकारांच्या आत असलेली सोडून द्यायची. परिणाम असा की जिथे चॅनेल चेंबरला मिळतं नेमका तिथेच अर्ध्या मिलिमीटरचा न कोरलेला बांध राहतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण कोरलेलं ॲक्रेलिक पांढुरकं असतं आणि बांधाच्या कडाही तशाच. चिप टेपने चिकटवून झाली, रंगाचं पाणी सोडलं आणि ते चेंबरच्या दारात अडलं, की मग कळतं. लोक पंपाचा दाब वाढवतात, टेप सुटते आणि दोष टेपवर जातो. उपाय एका मिनिटाचा आहे. इंकस्केपमध्ये प्रवाहाच्या थरातले सगळे आकार निवडून युनियन करा, कोरलमध्ये वेल्ड करा. मग वायरफ्रेम दृश्यात (फक्त कडा दिसतात ते) पाहा. जोडावर आतली रेघ दिसली तर वेल्ड झालेलं नाही. बाहेर पडणाऱ्या फाइलमध्येच हे होऊन यायला हवं होतं. अर्धा गुण इथे गेला.

मापाचं दुसरं भांडण डीपीआयचं. एसव्हीजी उघडताना काही सॉफ्टवेअर इंचाला ७२ बिंदू धरतात, काही ९६. एकदा चुकलं की ७५ मिमीची स्लाइड १०० मिमीची होते किंवा ५६ ची. कोपऱ्यात १० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा आणि कापायच्या आधी कोरलमध्ये त्याचं माप बघा.

आता खोली. आराखड्यात २०० मायक्रॉन लिहिलं म्हणून लेझर २०० कोरत नाही. त्याला खोली कळत नाही, पॉवर आणि वेग कळतो. वळणावर हेड मंदावलं की तिथे जास्त खोल जातं. त्यात नागपूरचा उन्हाळा. काचेच्या सीओटू ट्यूबला थंड पाणी लागतं, तापमान विशी-पंचविशीत असलेलं बरं. अनेक दुकानांत खरा चिलर नसतो, पंखा आणि रेडिएटर असलेली पेटी असते, आणि ती पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. नवतप्यात दुपारी दुकान चाळिशीत असेल तर पाणीही चाळिशीत. ट्यूबची ताकद उतरते आणि त्याच सेटिंगला सकाळी २०० मायक्रॉन जाणारा कोर दुपारी १८० वर थांबतो. २० मायक्रॉनने काय बिघडतं? बरंच. ४०० मायक्रॉन रुंद चॅनेलची खोली २०० वरून १८० झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो, कारण उथळ चॅनेलमध्ये तो साधारण खोलीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दुकान उघडल्या उघडल्या पहिलं काम आपलं लावून घ्या. एका प्रयोगाच्या सगळ्या चिप एकाच बैठकीत कापून घ्या.

हा हिशेब थ्रीडीयूएफ करून देत नाही, वहीतच करावा लागतो. सूत्र सोपं आहे: १२ गुणिले चिकटपणा गुणिले लांबी, भागिले रुंदी गुणिले खोलीचा घन, आणि भाजकाला (१ उणे ०.६३ गुणिले खोली भागिले रुंदी) या कंसाने गुणायचं. ४०० बाय २०० मायक्रॉनचं, ५० मिमी लांब चॅनेल, २५ अंशांचं पाणी (चिकटपणा ०.८९ मिलिपास्कल-सेकंद), प्रवाह मिनिटाला १० मायक्रोलिटर: लागणारा दाब निघतो जेमतेम ४१ पास्कल. म्हणजे ४ मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. चॅनेलच्या टोकांना द्रव भरायचे खळगे, म्हणजे विहिरी, असतात; एका विहिरीत पाणी दुसरीपेक्षा ४ मिमी वर असेल तर पंप बंद असतानाही चिप त्याच वेगाने वाहत राहते. ‘पंप बंद केला तरी रंग सरकतोय’ ही तक्रार ऐकली की आधी दोन्ही विहिरींची पातळी बघा, पंप नंतर. तापमानही हिशेबात धरा. ४० अंशांना पाण्याचा चिकटपणा ०.६५ वर येतो, त्यामुळे विहिरींतल्या पातळीवर चालणारी चिप उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेगाने वाहते. सिरिंज पंप लावला तर प्रवाह ठरलेला राहतो, फक्त दाब बदलतो.

लेझरने कोरलेलं चॅनेल चौकोनी नसतं, तळाशी निमुळतं असतं, म्हणून सूत्राचं उत्तर अंदाज समजा. खरा आकडा काढायला चाचणीची पट्टी करा: २०० पासून ६०० मायक्रॉनपर्यंत, १०० च्या टप्प्याने पाच रुंदीच्या रेघा, प्रत्येक ५० मिमी लांब. कोरून झाल्यावर पट्टी आडवी तोडून कड मायक्रोस्कोपखाली स्टेज मायक्रोमीटरसोबत (बारीक मापाच्या खुणांची काचपट्टी) मोजा. मायक्रोस्कोप नसेल तर ०.१ मिलिग्रॅमचा तराजू पुरतो. झाकलेलं चॅनेल कोरडं तोला, पाण्याने भरून तोला, फरकातला एक मिलिग्रॅम म्हणजे एक मायक्रोलिटर. ५० मिमीचं ४०० बाय २०० चॅनेल ४ मायक्रोलिटरचं निघायला हवं. ३.२ निघालं तर खोली कमी पडली आहे. पाच वेळा तोलून सरासरी घ्या, हाताचा घाम लागू देऊ नका.

मिक्सरबद्दल साधन सर्वात जास्त दिशाभूल करतं. यात कुणाचा हेतू वाईट नाही, चित्रच फसवं आहे. पाच-सहा वळणांचा देखणा मिक्सर ठेवला की काम झालं असं वाटतं. वरच्या चॅनेलमध्ये वेग सेकंदाला सुमारे २ मिमी, रेनॉल्ड्स अंक (द्रवाचं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) ०.६. एवढ्या कमी अंकाला वळणं काही ढवळत नाहीत, दोन धारा शेजारीशेजारी सरकत राहतात आणि मिसळणं फक्त विसरणाने (डिफ्यूजन, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरणं) होतं. वळणांचा उपयोग लांबी थोड्या जागेत मावण्यापुरता. एका धारेतून दुसरीत २०० मायक्रॉन पसरायला रंगासारख्या लहान रेणूला ४० सेकंद लागतात, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटर चॅनेल. हिमोग्लोबिनला पावणेपाच मिनिटं, म्हणजे ६० सेंटिमीटर. १० मिमीची एक धाव धरली तर रंगाला ९ धावा आणि हिमोग्लोबिनला ६०. धाव आणि मधली भिंत मिळून ०.९ मिमी, तेव्हा ६० धावांना ५४ मिमी जागा लागते. २५ बाय ७५ च्या स्लाइडवर ते मावतं, पण मग दुसरं फार काही मावत नाही. रंगाच्या पाण्यावर चिप पास झाली म्हणून रक्तावर पास होईल असं धरू नका.

विदर्भात चिपचा विषय निघाला की गाडी सिकलसेलवर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) येते, आणि ते बरोबरच आहे. म्हणून साधनाची परीक्षा त्याच चाचणीवर घेतलेली बरी. सोल्युबिलिटी चाचणीत २० मायक्रोलिटर रक्त २ मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये टाकतात. बफरमध्ये पेशी फोडायला सॅपोनिन आणि ऑक्सिजन काढायला सोडियम डायथायोनाइट असतं. हिमोग्लोबिन एस (सिकलसेलमधलं बदललेलं हिमोग्लोबिन) विरघळत नाही, द्रव गढूळ होतो, पाच मिनिटांनी नळीमागच्या रेघा दिसत नाहीत. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ही चाचणी सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतंच. चिपवर बनवली तरी ती पहिली चाळणीच राहते.

पहिला मोह असा होतो की रक्त आणि बफर दोन चॅनेलमधून आणून प्रवाहाच्या गुणोत्तराने पातळ करावं. उदाहरणापुरते १ भागाला ९ भाग धरले तर रक्ताच्या वाटेचा अडथळा नऊपट करायचा. बफरला २० मिमी, रक्ताला १८० मिमी. रक्त मुळातच पाण्याच्या तीन-चार पट घट्ट, म्हणून साडेतीनने भागून ५१ मिमी. कागदावर छान. पण रक्ताचा घट्टपणा त्यातल्या पेशींवर ठरतो आणि सिकलसेलच्या रुग्णात पंडुरोग (तांबड्या पेशी कमी असणं) ठरलेलाच. पातळ रक्त भरभर वाहतं आणि गुणोत्तर बिघडतं. म्हणजे ज्याला शोधायचं त्याच्याच नमुन्यात चिप चुकते. थ्रीडीयूएफ हा आराखडा कुरकुर न करता काढून देतं. त्यात द्रवाचं नाव लिहायला जागाच नाही.

तेव्हा गुणोत्तर प्रवाहाने नाही, आकारमानाने ठरवायचं: ठरलेल्या लांबीचं चॅनेल रक्ताने भरायचं, दोन्ही बाजूंनी बंद करायचं आणि बफरने ढकलून पुढे न्यायचं. त्याला चार व्हॉल्व्ह लागतात: रक्त आत, जादा बाहेर, बफर आत, वाचनाच्या विहिरीकडे. खोलीतली १० टक्के चूक इथे १० टक्केच राहते, ३१ होत नाही. साधनाने खरे गुण इथे मिळवले. चार व्हॉल्व्ह, त्यांच्या नियंत्रणवाटा आणि पोर्ट दोन थरांत जुळवणं हाताने कंटाळवाणं आहे, आणि रक्ताचं आकारमान बदलायचं तर फक्त चॅनेलची लांबी बदलावी लागते.

व्हॉल्व्ह मात्र विचार करून निवडा. पीडीएमएसच्या (रबरासारखं लवचीक सिलिकोन) चिपवर वापरतात तो क्वेक व्हॉल्व्ह (स्टीफन क्वेक यांच्या गटाचा, २०००) वरून पडदा दाबून चॅनेल बंद करतो, आणि त्यासाठी चॅनेलचा छेद गोलसर लागतो. कोरलेल्या चॅनेलच्या कोपऱ्यांत पडदा पोचत नाही, गळती राहते. थ्रीडीयूएफमधला व्हॉल्व्ह-थ्रीडी घ्या. यात प्रवाहाचं चॅनेल मध्ये तोडलेलं असतं, त्या खंडावर पीडीएमएसचा पडदा टेकून बसतो, आणि खालच्या नियंत्रण थरातून हवा ओढली की पडदा खाली जाऊन वाट उघडते. न ओढता बंद. सुमारे २५० मायक्रॉनचा पडदा, खंड ४०० ते ५०० मायक्रॉन. हवा ओढायला पंपच हवा असं नाही. ५० मिलीची सिरिंज आणि स्टॉपकॉक (नळी बंद करायची छोटी तोटी) पुरतो: आतली १० मिली हवा ५० मिलीपर्यंत ताणली की साधारण ८० किलोपास्कल निर्वात मिळतं.

व्हॉल्व्हची त्रिज्या ठरवताना बहुतेकांचा घोटाळा होतो. १.५ मिमी त्रिज्येचा आणि २०० मायक्रॉन खोल व्हॉल्व्ह उघडला की त्याच्या पोटात १.४ मायक्रोलिटर द्रव बसतो आणि बंद होताना तो दोन्हीकडे ढकलला जातो. मोजायचं रक्त अर्धा-पाऊण मायक्रोलिटर असेल तर मापापेक्षा व्हॉल्व्हच मोठा झाला. त्रिज्या ०.७५ मिमी आणि खोली १०० मायक्रॉन केली की पोट ०.१८ मायक्रोलिटरवर येतं. पीडीएमएसचा पडदा ८० किलोपास्कलला एवढं खाली सहज वाकतो. सोबत रक्ताचं मापही वाढवा. बोट टोचून २० मायक्रोलिटर मिळतंच, मग काटकसर कशाला? ५ मायक्रोलिटर म्हणजे ४०० बाय २०० चॅनेलची ६२.५ मिमी लांबी, सहा-सात धावांत मावते. त्यावर व्हॉल्व्हची चूक चार टक्क्यांच्या आत राहते.

५ मायक्रोलिटरला ५०० मायक्रोलिटर बफर. विहीर मात्र चॅनेलच्याच खोलीची ठेवू नका. काचेच्या नळीत प्रकाश सेंटिमीटरभर गढूळ द्रवातून येतो. २०० मायक्रॉनच्या चेंबरमध्ये तीच वाट पन्नासपट कमी, आणि गढूळपणा डोळ्यांना दिसणारच नाही. साधन वरून पाहिलेलं चित्र दाखवतं, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. विहीर वेगळ्या ५ मिमी जाड ॲक्रेलिकमध्ये आरपार कापा. ११.३ मिमी व्यास घेतला की बरोबर ५०० मायक्रोलिटर, पण काठोकाठ, म्हणून १२ घ्या. बफरनेच रक्त ढकलल्यावर विहिरीत पिपेटने दोन-तीनदा वर-खाली करा, नाहीतर रक्त तळाशी बसून राहतं.

पीडीएमएसमधून ऑक्सिजन आरपार जातो आणि डायथायोनाइट ऑक्सिजनने संपतं. म्हणून बफर पडद्यावरून पटकन न्यायचा, चिपमध्ये भरून ठेवायचा नाही. पूड ऐनवेळी मिसळायची आणि डबी कूलरच्या हवेत उघडी ठेवायची नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लॅबमध्ये डेझर्ट कूलर लावतात, हवा दमट होते आणि डायथायोनाइटला ओल सहन होत नाही. निकाल ‘निगेटिव्ह’ आला तर आधी माहीत असलेल्या पॉझिटिव्ह नमुन्यावर बफर तपासा.

जोडणीबद्दल थोडक्यात. ॲक्रेलिक आणि पीडीएमएस नुसत्या प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग तयार करून) धड चिकटत नाहीत. तीन थर एम३ स्क्रूंनी आवळा, दर १२ ते १५ मिमीला एक, आणि हाताने जेमतेम घट्ट. जास्त आवळलं की पडदा फुगून चॅनेलमध्ये शिरतो आणि वाट अर्धी होते. स्क्रूची भोकं आराखड्यात तुम्हालाच ठेवावी लागतात, आणि ती चॅनेलपासून दोन मिमी दूर आहेत ना हे तुम्हालाच बघावं लागतं. दोन चॅनेल दोनशे मायक्रॉनवर आणले किंवा पोर्ट काठाला चिकटवला तरी आराखडा तसाच तयार होतो. लेझरला ५०० मायक्रॉनपेक्षा पातळ भिंत टिकत नाही, हे तुमच्या वहीत लिहिलेलं हवं. अर्धा गुण याला गेला आणि अर्धा द्रवाचं गणित नसल्याला.

व्हॉल्व्ह वीस-तीसच्या पुढे गेले तर हाताने मांडणी सोडा. बॉस्टनच्याच गटाची मिंट ही वर्णनभाषा आहे: कोणता भाग कशाला जोडला ते मजकुरात लिहायचं, फ्लुइजी नावाचा प्रोग्रॅम भाग मांडतो आणि वाटा काढतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचं कोलंबाही असंच. साध्या मजकुराची नेटलिस्ट (भागांच्या जोडण्यांची यादी) घेतं, प्रवाह आणि नियंत्रण दोन्ही थरांची मांडणी एकत्र सोडवतं आणि ऑटोकॅडला चालणारी फाइल देतं. मल्टिप्लेक्सरचा (थोड्या नियंत्रणवाटांनी पुष्कळ चॅनेलांतून हवं ते निवडणारी व्हॉल्व्हची मांडणी) फायदा तिथे उमगतो: ६४ चॅनेल १२ नियंत्रणवाटांनी हाताळता येतात, १०२४ चॅनेल २० वाटांनी. क्वेक यांच्या गटाच्या २००२ सालच्या शोधनिबंधात १००० चेंबर आणि ३५७४ व्हॉल्व्हची चिप होती, ती याच हिशेबावर. पण कोलंबाचा आराखडा पीडीएमएसच्या दोन थरांसाठी असतो आणि त्याला फोटोलिथोग्राफी (प्रकाशाने साचा उमटवण्याची पद्धत) लागते. ट्रॉफीच्या दुकानात ते होणार नाही. त्यासाठी आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूच्या आयआयएससीत बाहेरच्या संशोधकांना नॅनो-फॅब वापरू देणारी आयएनयूपी योजना बघा.

थेंबांचं काम असेल तर बॉस्टनच्या गटाचं डीएएफडी हे साधन वेगळं वापरा. थेंबाचा व्यास आणि सेकंदाला किती थेंब हवेत ते सांगा, नॉझलची मापं आणि प्रवाह ते सुचवतं. त्यांच्या २०२१ च्या शोधनिबंधात व्यासाची चूक ४.२ आणि दराची ११.५ टक्के होती. मात्र आधार पाणी आणि मिनरल ऑइलच्या मोजमापांचा आहे. तेल बदललं तर आकडे आपोआप लागू पडत नाहीत.

दुकानात जाताना सोबत काय न्यायचं: वेल्ड केलेली फाइल पेनड्राइव्हवर कोरल आणि डीएक्सएफ दोन्ही रूपांत, १० मिमीचा चाचणी-चौकोन त्यात असू द्या. शीट कास्ट ॲक्रेलिकची मागा, एक्स्ट्रूडेड वितळून कडा चिकटवते. शीटचा कागद कोरायच्या बाजूने काढा, खालच्या बाजूने राहू द्या. दीड इंची लेन्स आहे का विचारा, असेल तर ठिपका बारीक पडतो. आधी चाचणीची पट्टी, मग चिप. पैसे बहुधा मिनिटाच्या हिशेबाने लागतात, आणि एनग्रेव्हिंगला कटिंगपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून फक्त चॅनेलच कोरायचे आहेत, आजूबाजूची जागा नाही, हे स्पष्ट सांगा. घरी आणल्यावर लगेच आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसू नका. लेझरने कापलेल्या कडांत ताण असतो, अल्कोहोल लागताच केसासारख्या चिरा पडतात. आधी ८० अंशांना ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, ओव्हन बंद करून आतच थंड होऊ द्या, मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. भट्टीतून काढून कूलरसमोर धरलेली शीट वाकते, आणि वाकलेल्या शीटवर पडदा कितीही आवळला तरी गळतोच.